फळीवरचा भात

सुशी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, एका सिंधी शेठच्या तोंडून. शेठने सुशी कधी खाल्लेली नव्हती आणि पुढेही खाण्याचा त्याचा विचार नव्हता. मासळी त्याच्या जिवाभावाची, पण ती तेलातून गेलेली असावी एवढीच त्याची अट. मी तर त्याच्याही पलीकडचा अडाणी. तरी पुढचं जवळजवळ वर्षभर आम्ही दोघं त्या पदार्थाच्या मागे लागलो होतो, आणि त्यात मी माझ्या सख्ख्या भावाला ओढलं. ओढलं म्हणजे कसं, तर बुडणाऱ्याला हात द्यायला पाण्यात उतरलो आणि आपल्याला पोहता येत नाही हे मधोमध गेल्यावर आठवलं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी तेव्हा एका फर्निचरच्या शोरूममध्ये सेल्समन होतो. सेल्समन म्हणजे काय, तर दिवाणावर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहायची आणि गिऱ्हाईक आलं की उठून तोच दिवाण त्याला दाखवायचा. समोरच्या ओळीत शेठचं दुकान होतं, हॉटेलांना काचसामान आणि काटेचमचे पुरवण्याचं. दुपारी माझ्याकडे कोणी नसलं की तो चहाला यायचा. म्हणजे रोज यायचा.

एका दुपारी त्याने परदेशी मासिकातून फाडलेलं एक रंगीत पान माझ्यासमोर ठेवलं.

"साईं, ये क्या है, बोलो."

चित्रात एक लाकडी फळी होती. फळीला खाली दोन पाय. वर भाताचे लांबट गोळे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकाच्या अंगावर मासळीचा एकेक काप, पांघरूण घेतल्यासारखा.

"पाट आहे," मी म्हणालो.

"पाट क्या?"

"आमच्यात जेवायला बसताना खाली घेतात. घरोघरी असतो."

शेठने पुन्हा चित्र पाहिलं. "मतलब बैठने का? और ये लोग उसके ऊपर खाना रखते हैं?"

"जपानी आहेत. त्यांचं उलटं असेल."

जपानविषयीचं माझं सगळं ज्ञान ह्या एका वाक्यात संपत होतं, आणि तेवढ्यावर आम्ही धंदा उभा केला. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात जपानी जेवणाचा कट्टा उघडणार होता. तिथल्या आचाऱ्याला असल्या फळ्या हव्या होत्या, आणि तिकडून मागवणं परवडत नव्हतं. काम हाताचं हवं, खिळा नको, पॉलिश नको. एका हॉटेलने घेतल्या की दुसरं घेईल, तिसरं घेईल, असं शेठचं म्हणणं.

"मगर बनाएगा कौन? तुम्हारा शोरूमवाला? वो तो खटमल डाल के देता है."

"माझा भाऊ बनवेल," मी म्हणालो. भावाला विचारायचं राहिलं होतं.

दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा काढतात आणि साच्यात रस ओततात. रस थंड होताना आक्रसतो, म्हणून लाकडी भाग जरासा मोठा करायचा. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच निराळी असते, तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा किंचित लांब. दादा घरातली मांडणी ठोकतानाही तीच पट्टी घ्यायचा. त्यामुळे त्याच्या घरातलं सगळं किंचित मोठं होतं, आणि त्यात जाऊन बसलं की मी किंचित लहान व्हायचो. मला ते सोयीचं वाटे. धाकट्याने तसंच असावं.

मग कारखान्याला टाळं लागलं. तात्पुरतं आहे, असं सगळे म्हणायचे. दादा सुरुवातीला रोज सकाळी गेटवर जाऊन यायचा, पुढे आठवड्यातून एकदा, पुढे तेही नाही. हत्यारांची पेटी खाटेखाली गेली आणि दादा खाटेवर. तो काही बोलत नसे. चिडत नसे. दारूही पीत नसे. पीत असता तर निदान कोणाला काही सांगता तरी आलं असतं.

एकदा वहिनीने मला जिन्यात गाठलं.

"भावजी, शेजारच्यांनी ह्यांच्यासाठी वॉचमनची जागा सांगून ठेवलीय. बदलापूरला, मांजर्लीत नव्या बिल्डिंगी होतायत ना, तिथे. हे हो म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत."

"मग करू दे की. बसून राहण्यापेक्षा बरं."

"बसूनच राहायचंय तिथे. घराचं मी बघते हो, माझं शिलाई मशीन आहे. पण ते एकदा काठी घेऊन खुर्चीवर बसले ना, तर पुन्हा रंध्याला हात लावणार नाहीत. मी ओळखते ह्यांना. तुम्ही बाजारात असता. लाकडाचं काम आणा. काहीही आणा."

काहीही आणण्यात माझा हात कोण धरणार. मी सुशी आणली.

दादाने ते रंगीत पान बराच वेळ पाहिलं. मग त्याने एकच प्रश्न विचारला. "केवढा?"

चित्रात फळी, भात आणि मासा ह्यांखेरीज काही नव्हतं. बाजूला माणूस नाही, हात नाही, चमचा नाही. पण मला शंका येण्याची सवय नाही.

"अरे, पाटच आहे दादा. एक माणूस ऐसपैस बसेल एवढा."

वहिनी मागून डोकावली. "ज्याच्यावर बसायचं त्याच्यावर भात वाढायचा? पाय लागतो पाटाला."

"वहिनी, त्यांच्यात त्याच्यावर बसत नाहीत."

"मग पाट कशाला म्हणता?"

ह्या प्रश्नापाशी शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, "तुम्ही चहा टाका."

दादाने पेटी बाहेर ओढली. घरात फणसाची एक जुनी फळी होती, तिचा त्याने पाट केला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. तिने कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टीने दचकून तो थांबेल म्हणून. पाट झाला तो असा की जावयानेसुद्धा त्यावर बसताना परवानगी मागावी.

मी तो गोणपाटात गुंडाळून शेठकडे नेला. शेठने काउंटरवर ठेवून त्याच्याभोवती फेरी मारली. मग तो खाली ठेवला, आणि वर मांडी घालून बसला.

"साईं, आराम बहुत है. मगर एक बात बताओ. फोटो में चावल के कितने गोले हैं?"

"आठ."

"इसके ऊपर आठ रखेगा तो एक गोला कितना बड़ा होगा?"

मी मनात मांडून पाहिलं. एकेक गोळा नारळाएवढा होत होता, आणि त्यावरचा काप म्हणजे अख्खा पापलेट. जपानी माणसं अंगाने बारीक असतात असं ऐकून होतो, त्याच्याशी ते काही जुळेना. शेठने बसल्या बसल्या हॉटेलला फोन लावला. माप आलं: लांबी वीतभर, रुंदी त्याच्या निम्मी.

हे दादाला जाऊन सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. आता हा पेटी पुन्हा खाटेखाली ढकलणार, असं धरूनच गेलो. सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "शेठ बसला त्याच्यावर?"

"बसला."

"मांडी घालून?"

"मांडी घालून. उठायला तयार नव्हता."

दादा हसला. टाळं लागल्यापासून पहिल्यांदा. इतका हसला की वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, तिला वाटलं ठसका लागला. माझ्या आयुष्यात जी काही थोडी यशं आहेत त्यात हे मी धरतो, आणि तेही चुकूनच मिळालेलं.

मग खऱ्या कामाला सुरुवात झाली. हॉटेलचं म्हणणं होतं की लाकूड फिकट हवं आणि त्याला स्वतःचा दर्प नको. सागवान बाद झालं. दादाने शिवणीचं लाकूड घ्यायचं ठरवलं. हलकं, गोऱ्या रंगाचं, उगाच फाटे न फोडणारं, म्हणजे आमच्या घराण्यात शोभणार नाही असं. वखारीतून फळ्या आल्या त्या ओल्या होत्या. त्या सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळवाव्या लागणार होत्या, नाहीतर पुढे पिळवटतात. दादाच्या चाळीतल्या खोलीत फळ्या ठेवायच्या तर माणसं वाळत घालावी लागली असती.

इथे माझी दुसरी अक्कल कामी आली. विठ्ठलवाडीला आमच्या शोरूमचं गोदाम होतं आणि त्याच्यामागे एक पत्र्याची शेड रिकामी पडली होती. तिची मागची भिंत पडून गेली होती आणि ती बाजू सरळ वालधुनीवर उघडायची. वालधुनी ही नदी आहे. आज कोणत्या रंगाची असेल हे सांगता येत नसे. कधी लाल, कधी जांभळी, कधी वर साबणाचा फेस. तिच्यावरून वारा मात्र छान यायचा.

"दादा, जागा फुकट, वारा फुकट."

दादा आला. भिंत नव्हती त्या बाजूला उभा राहिला, बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाला, "वारा चांगला आहे." तेव्हा ह्या बाबतीत मी एकटा नव्हतो एवढं नोंदवून ठेवतो. फळ्यांच्या चळतीत आम्ही दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घातल्या, चारही बाजूंनी हवा खेळावी म्हणून. हवा खेळली. अख्खा पावसाळा ती नदीवरून उठून त्या फळ्यांतून जात होती. अधूनमधून दादा एकेक फळी उचलून वजन पाहायचा, बोटांनी टिचकी मारून आवाज ऐकायचा, आणि मान हलवायचा. अजून नाही.

फळ्या वाळल्या तेव्हा त्याने त्याच शेडमध्ये कामाचं मेज मांडलं. मी दुपारी शोरूममधून पळून तिथे जाऊन बसायचो. त्याचा रंधा मी लहानपणापासून पाहिलेला, पण कारखान्यात तो वस्तू करायचा ती वाळूत दाबायला. लाकडाचं लाकूड म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नसे. इथे पाहणार होते. पाय बसवायला त्याने फळीच्या पोटात खाचा घेतल्या, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, आणि पाय बाजूने सरकवून आत घट्ट नेले. खिळा नाही, सरस नाही. पाणी लागलं की लाकूड फुगून उलट आणखी आवळणार. वरचा पृष्ठभाग नुसत्या रंध्यावर असा उतरला की त्यावर उजेड पडला तर तो घसरेल.

मी पॉलिशच्या धर्मातला माणूस. आमच्या शोरूममध्ये जे दिसतं ते पॉलिश, खाली काय आहे ते ईश्वर जाणे. मला राहवेना. "दादा, एकच हात मारू का? जरा चमक..."

"हात लावलास तर बोटांवर रंधा फिरवीन," तो म्हणाला. मान वर न करता, मजेत. असं बोलणारा दादा परत आला होता. वहिनी डबा घेऊन अंबरनाथहून यायची आणि तो जेवेपर्यंत तिथेच बसायची. एक दिवस दादाने तिला जेवता जेवता सांगितलं, "त्या मांजर्लीवाल्याला निरोप दे, दुसरा माणूस बघा म्हणावं." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी अशा तोऱ्यात बसलो होतो की जणू जपान माझ्या सांगण्यावरून वसलं होतं.

नमुन्याच्या फळ्या वहिनीच्या जुन्या सुती पातळात गुंडाळून शेठच्या गाडीतून आम्ही मुंबईला गेलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. हॉटेलच्या मागच्या दाराने आम्हाला थेट मुदपाकखान्यात नेलं. तिथे जपानी आचारी उभा होता, म्हातारा, काडीसारखा, आणि त्याच्याबरोबर दुभाष्यासारखा आपल्याकडचा एक स्वयंपाकी, मालवणचा, चाळिशीतला.

म्हाताऱ्याने पातळ सोडलं. पहिली फळी उचलली, तिच्यावरून तळवा फिरवला. उलटी केली, पायांची सांध पाहिली, नखाने चाचपली. खिळा सापडला नाही तेव्हा त्याने दादाकडे पाहिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. दादाला काय करावं कळेना. तो त्याच्या पाया पडायला निघाला, मी मागून शर्ट धरला.

मग म्हाताऱ्याने फळी नाकाजवळ नेली.

तो थांबला. पुन्हा हुंगली. दुसरी घेतली, ती हुंगली. तिसरी. मालवणच्या माणसाला काहीतरी म्हणाला. त्याने गरम पाण्याचं भांडं आणलं, एका फळीवर ओतलं आणि दोघंही किंचित मागे सरकले.

"साहेब विचारतायत," तो आम्हाला म्हणाला, "ह्या कुठे ठेवल्या होत्या?"

"का? काय झालं?"

"वास येतोय."

दादाने फळी घेतली आणि नाकाला लावली. मग मी. मग शेठने. तिघं एका रांगेत उभे राहून फळ्या हुंगत होतो, कोणी पाहिलं असतं तर पोलिसांचे श्वान म्हणून बक्षीस दिलं असतं.

"कसला वास?" दादा म्हणाला. "काही नाही येत."

"कुछ नहीं है जी," शेठ म्हणाला. "एकदम साफ."

मालवणचा माणूस संकोचला. "मला पण येतोय हो. औषधासारखा. केमिकलच्या पिंपासारखा. तुम्हाला खरंच येत नाही?"

त्याने कपाटातून त्यांच्याकडची एक जुनी जपानी फळी काढून माझ्या हातात दिली. ती हुंगली तर तिला लाकडाचा मंद वास होता, गोडसर, ओला. मग पुन्हा आमची हुंगली. तिला आमच्या घरासारखा वास येत होता, म्हणजे कसलाच नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि दादाच्या माझ्याआधी पडला होता हे त्याच्या तोंडावरून दिसलं. आम्ही जन्मलो अंबरनाथला. वाढलो तिथल्या केमिकलच्या कारखान्यांच्या हवेत. शेठही उल्हासनगरातच वाढलेला. बाहेरगावचे पाहुणे आले की गाडीतून उतरताना नाकाला रुमाल लावायचे, आणि आम्ही त्यांना नाजूक म्हणायचो. अख्खा पावसाळा आम्ही कोऱ्या लाकडाला नदीवरची हवा पाजली होती, पट्ट्या घालून, चारही बाजूंनी, अगदी मन लावून.

म्हाताऱ्याने फळ्या पुन्हा पातळात बांधल्या, आमच्यापेक्षा नीट. काम फार सुंदर आहे, पण भात वास ओढून घेतो, असं त्याने सांगितलं. कट्टा उघडायला अजून थोडा अवधी आहे, तोवर वास घालवून आणलात तर घेईन, असंही म्हणाला. परतताना कल्याण गेल्यावर शेठने गाडीची काच खाली करून एक खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "मुझे तो अभी भी नहीं आ रहा है."

मग सुरू झाले उपाय. फळ्या चिंचेच्या पाण्यात घातल्या. बेसन चोळलं. लिंबू घासलं. गच्चीवर उन्हात ठेवल्या. चहाची उकळलेली पूड लावली. दादाने एक थर रंध्याने उतरवला, मग आणखी एक, मग फळ्या इतक्या पातळ झाल्या की पुढे उतरवायला लाकूड उरेना. हे सगळं ठीक, पण खरी पंचाईत वेगळीच होती. वास गेला की आहे, हे सांगणार कोण? आंधळ्यांनी रंग पसंत करायला बसावं तसे आम्ही फळ्यांभोवती बसायचो.

शेवटी वहिनीने कुळगावहून आपल्या आईला बोलावलं. कुळगाव म्हणजे बदलापूरला लागून असलेलं जुनं गाव, तिथे तिच्या माहेरची शेती होती, घराभोवती झाडं. बाई दारात आली तीच पदर नाकाला लावून. तिने नळाचं पाणी प्यायलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्या पाण्याला कसला मेला वास हाय गो?"

आम्ही दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. परीक्षक मिळाला होता. फळी तिच्यापुढे धरली. तिने हुंगली आणि दूर ढकलली. "ह्याच्यावर जेवणार कोण? कीड मारायचं औषध सांडल्यागत वास येतो."

मग रोजचा क्रमच झाला. दादा सकाळी फळ्या धुवायचा, उन्हात घालायचा आणि संध्याकाळी सासूबाईंपुढे नेऊन ठेवायचा. आपण रंधा धरणारा माणूस, आणि सासूच्या नाकापुढे रोज उभं राहायचं, पण त्याने ते केलं. त्या म्हणायच्या, "हाय अजून." दुसऱ्या दिवशी, "हाय." मग एक दिवस म्हणाल्या, "कमी झाला वाटतं." दादाचा चेहरा उजळला. पुढे आणखी थोडे दिवस. आणि एका संध्याकाळी त्यांनी फळी नाकाशी धरली, फिरवून पुन्हा धरली, आणि म्हणाल्या, "गेला की. काय नाय आता."

मी शेठला फोन करायला खालच्या दुकानाकडे निघालोच होतो. वहिनीने देवापुढे साखर ठेवली. दादा मात्र जागचा हलला नाही. फळी हातात धरून उभा होता.

"आई," तो म्हणाला, "नळाच्या पाण्याला वास येतोय का अजून?"

"नाय हो जावईबापू. सुधारलं पाणी. आता लई चांगलं येतं."

दादाने फळी खाली ठेवली. मला वाटलं, म्हातारीचं नाकही आता आमच्यासारखं झालंय हे त्याला उमजलं नसेल, म्हणून मी काही बोलणार तेवढ्यात त्याने हाताने मला थांबवलं. सासूबाई एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या, त्यांचं काय चुकलं ते त्यांना कळेना. वहिनी साखरेची वाटी घेऊन देवापुढून उठली आणि तशीच उभी राहिली.

"दादा, असं करू," मी म्हणालो, "नवं लाकूड घेऊ आणि कुळगावला ह्यांच्या अंगणात वाळवू."

"वाळेपर्यंत हॉटेल थांबेल?"

"हे नाही तर दुसरं हॉटेल."

"रंधा कोण मारणार? मीच ना. हत्यारं हीच. हात हेच. उद्या त्या फळीला वास आहे की नाही, हे मला कोण सांगणार?" तो शांतपणे बोलत होता. "जी वस्तू बरोबर झाली की बिघडली हेच मला कळत नाही, ती मी करायची कशी?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, निदान चुकीचं तरी. मी म्हणालो, "पॉलिशखाली वास दबला असता." कोणी हसलं नाही, आणि मी ते विनोदाने म्हटलं होतं की खरोखर, हे मला आजही सांगता येणार नाही.

हॉटेलने परदेशातून काळ्या प्लॅस्टिकच्या फळ्या मागवल्या. त्या शेठनेच पुरवल्या. मला सांगताना त्याने मान खाली घातली होती. "क्या करूं साईं, धंदा है." मी म्हटलं, बरोबर आहे. बरोबरच होतं.

दादा स्वतः शेजारच्यांकडे गेला आणि मांजर्लीची जागा अजून आहे का म्हणून विचारून आला. ज्या जागेला निरोप धाडून नकार दिला होता ती मागायला गेला. जागा होती. वॉचमनच्या जागा तेव्हा बदलापुरात पावसाळ्यातल्या भूछत्र्यांसारख्या उगवत होत्या. बिल्डरने तिथेच राहायला एक खोली दिली, वहिनीने मशीन हलवलं, आणि अंबरनाथची खोली त्यांनी सोडली.

मी बरेच महिने गेलो नाही. काम होतं म्हणून नाही, आमच्याकडे काम कधी असायचं. तोंड दाखवायला काहीतरी हवं म्हणून एक नवी योजना तयार होण्याची वाट पाहत होतो. योजना काही तयार झाली नाही, शेवटी तसाच गेलो.

नदीच्या बाजूला बिल्डिंग होती; ही नदी वालधुनी नव्हे, दुसरी, स्वच्छ. गेटपाशी दादा खुर्चीवर बसला होता, अंगावर खाकी शर्ट, खांदे त्याच्या मापाला सैल. मला पाहून उठला. मी नेहमीसारखा जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला, तर तो अर्धं पाऊल मागे सरला. त्याने ते लपवायचा प्रयत्न केला. मला दिसलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"दादा."

"तुझ्या शर्टाला वास येतोय," तो म्हणाला.

मी शर्टाची बाही नाकाशी नेली. इस्त्रीचा होता. कसलाच वास नव्हता.

"म्हणजे तुला आता येतो?"

"इथे येऊन दोन-चार महिने झाले आणि यायला लागला. आधी वाटलं नदीचा आहे. मग लक्षात आलं, आपल्या ट्रंकेचा आहे. हिच्या साड्यांचा. हिने सगळं धुऊन काढलं."

मला एकदम उभारी आली. माझी उभारी ही अशीच, चुकीच्या स्टेशनवर उतरणारी. "मग झालं की काम. आता तुला कळतंय ना. आता तूच करू शकतोस. पेटी काढ. शेठला मी सांगतो, दुसरं एखादं हॉटेल..."

"पेटी विकली," दादा म्हणाला.

"विकली? कोणाला?"

"इथल्या फर्निचरवाल्याला. एकदा काढली होती बाहेर. हिलाच हवं होतं, म्हणाली पोळपाट करा एक. झाकण उघडलं. रंध्याच्या लाकडात, मुठींत, सगळीकडे तोच. इतकी वर्षं हातात होती. धुऊन जाण्यातला नाही रे तो, आत गेलाय. मला धरवेना." त्याने तळवे शर्टाला पुसले. "तो जपानी म्हातारा भला माणूस होता. आपण त्याच्या नाकापुढे काय नेऊन धरलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं."

वहिनीने वरून हाक मारली, भावजी, चहा टाकलाय. मी वर पाहून हात केला. तिने विचारलं, ह्यांना काही काम आणलंत का? तिने ते नेहमीच्या थट्टेच्या सुरात विचारलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनेही हलवली आणि आत गेली.

"मी उभा राहू की जाऊ?" मी दादाला विचारलं.

"जातोस कुठे, चहा टाकलाय," तो म्हणाला. मग नदीकडे बघून वाऱ्याचा अंदाज घेतला. "फक्त त्या अंगाला उभा राहा."

मी गेटच्या त्या अंगाला जाऊन उभा राहिलो.